अनोळखी वृद्ध महिलेचा कब्जा

सरोजिनी नगर, लखनौ
२ मार्च

चि. धनंजय,

आईचा आशीर्वाद. घ्यायचा नसेल तर बाजूला ठेव, नासणारी वस्तू नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. अक्षर लतिकाचं, बोलणं माझं. मला सहीच्या जागी अंगठाच येतो हे तुला ठाऊक आहे. पण तुझी भावजय बी.ए. आहे, तेव्हा त्या बी.ए.चा घरात कुणाला तरी उपयोग व्हावा. ती म्हणते, आई, हे नका ना लिहायला सांगू. लिही म्हटलं.

पत्राचं एक बरं असतं. समोरच्याला मधेच कट करता येत नाही.

विषय तुझ्या प्लॉटचा आहे. ह्यांनी एअरफोर्समधून निवृत्त होताना शेजारी-शेजारी दोन तुकडे घेतले, एक तुझ्या नावावर, एक विष्णूच्या. मी म्हणत होते साताऱ्याला जाऊ. तर म्हणाले, इतकी वर्षं बख्शी का तालाबच्या विमानतळावर काढली, आता विमानाच्या आवाजाशिवाय झोप येत नाही, विमानतळाजवळच राहू. विष्णूच्या तुकड्यावर घर झालं. तुझ्या तुकड्यावर आधी घाणेरी उगवली, मग बाभळी, आणि आता तिथे अर्ध्या लखनौचा कचरा आहे.

घर पाडणारे विटा आणून टाकतात, घर बांधणारे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. कोपऱ्यावर लग्नाचं लॉन झालंय, त्यांच्याकडून दर मुहूर्ताला उष्ट्या पत्रावळी येतात. कुणाचा तरी टेम्पो चाकं गळून पडला आहे. दुपारी चौघे जण पत्ते कुटायला येतात. आणि कुणीतरी एक कमोड आणून टाकलाय, अख्खा, झाकणासकट. तो नेमका आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून बसलाय. मी भाकरी थापते, तो बघतो.

कॉलनीच्या मीटिंगमध्ये मागच्या रविवारी कुणीतरी विचारलं, "भाई, ये प्लॉट आख़िर है किसका?" विष्णू तिथेच बसला होता. म्हणाला, "पता नहीं." सख्ख्या भावाचा प्लॉट, मधे एक भिंत, आणि पता नहीं. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, बँकेत लोकांच्या सह्या ओळखतोस, शेजारची जमीन ओळखता येत नाही? तो ताटावरून उठून गेला. दुसऱ्या दिवशी डबाही न घेता मेट्रोत बसला आणि हजरतगंजला समोसे खाऊन राहिला.

मी कुणा एकाची बाजू घेत नाही. बाबांना अग्नी द्यायला विष्णू तुझ्यासाठी थांबला नाही. तू तेव्हा नोकरीला होतास त्या गुवाहाटीहून निघालास, मधलं विमान चुकलं, मे महिना होता. तू पोचलास तेव्हा सगळं झालेलं होतं. तेराव्यानंतर तू म्हणालास, ह्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. विष्णू म्हणाला, मग मीही तुझ्या मातीत पाय ठेवणार नाही. सात वर्षं दोघे बोलल्याप्रमाणे वागताय. लहानपणी मी काही सांगायची तेव्हा मात्र एकही ऐकत नव्हता.

आता मुद्द्याचं. काल मलब्याची ट्रॉली आली, तेव्हा मी भिंतीवरून ड्रायव्हरला विचारलं, "क्यों रे, किसने भेजा?" तो म्हणाला, "अम्मा, संग्राम भैया बोले हैं, यहीं गिरा दो." संग्राम सिंह म्हणजे नाक्यावरचा प्रॉपर्टी डीलर. जागा भरत जाईल, घाण होईल, लांब बसलेला मालक कंटाळेल, आणि संग्राम सिंह सांगेल त्या भावात विकून मोकळा होईल. मला अक्षर येत नाही, पण हे मात्र स्पष्ट वाचता येतं.

कचरा उचलणारे सरकारी गाडीवाले म्हणतात, खाजगी जागा आहे, मालकाच्या सहीचा अर्ज हवा. एक दिवस ये. सही कर आणि जा. पायरी चढू नकोस, मीच बाहेर येईन.

तुझी आई
यमुना
(अंगठा. जरा हळदीचा उमटलाय, चालवून घे.)


२४ मार्च

चि. धनंजय,

उत्तर नाही. ठीक आहे. तू पुण्याचा झालास, तिथे म्हणे दुपारी कुणी बोलत नाही. मला वाटलं पत्रालाही तोच नियम असेल.

इथली हकिकत ऐक. समोर शुक्लांकडची बाई आहे, तिला सगळे शुक्लाइन म्हणतात. इथे बाईला नवऱ्याच्या आडनावानंच हाक मारतात. आणि मागच्या गल्लीत नसीम राहते, घरी बसून चिकनचं भरतकाम करते आणि चार पोरींकडून करून घेते. पत्रावळ्यांचा वास ह्या दोघींच्या घरात आधी जातो, मग आपल्याकडे. तेव्हा आम्ही तिघी बसलो. शुक्लाइन म्हणाली, "अम्मा, कंप्लेंट करें?" मी म्हटलं, तक्रार कसली करायची, लोकांचं सामान आहे, परत करू.

लॉनवर त्या दिवशी मोठं लग्न होतं. आम्ही दुपारीच एक हातगाडी भरली. पत्रावळ्या, ग्लास, गळके रायत्याचे डबे, सगळं. आणि बारात यायच्या वेळेला गाडी नेऊन बरोबर फुलांच्या कमानीखाली उभी केली. घोडीनं आधी वास घेतला. ती काही केल्या पुढे येईना.

मॅनेजर पळत आला. "अम्माजी, ये क्या है?"

मी म्हटलं, "आपका सामान है बेटा. हमारे यहाँ छूट गया था."

"अम्माजी, बारात खड़ी है!"

शुक्लाइन म्हणाली, "हाँ तो हम कौन सा बैठे हैं? और सुनो, कल छूटेगा तो कल भी लाएँगे. लगन तो अभी बहुत हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ट्रॅक्टर आला. पत्रावळ्या तर उचलल्याच, वर दडपण आलेलं होतं म्हणून की काय, विटा आणि गोण्याही नेल्या. कमोडही गेला. मला खिडकीत उगाच चुकल्यासारखं होतं.

विष्णू संध्याकाळी आला, भिंतीशी उभा राहून पलीकडे बघितलं, म्हणाला, "छान." भिंतीच्या ह्याच बाजूनं म्हणाला.

पण मोकळी जागा नुसती मोकळी ठेवली की पुन्हा भरते. पाटी लावून काही होत नाही. पाटीखालीच पहिली पिशवी पडते. तिथे माणूस बसायला हवा, दिवसभर, उगाच नाही, कामाला. मी विचार केला, आता उन्हं तापायला लागली. गच्चीवर माकडं वाळवण टिकू देत नाहीत. मागच्या वर्षी माझ्या निम्म्या कुरडया माकडांच्या लग्नात गेल्या. म्हणून आज गहू भिजत घातलेत.

माझा हात जरा दुखतोय, पण त्याचं काही नाही.

आई


१६ एप्रिल

चि. धनंजय,

तुझ्या प्लॉटवर सध्या काय काय आहे ते सांगते, म्हणजे पुण्यात बसून तुला दिसेल. खाटा आहेत. खाटांवर जुनी लुगडी, लुगड्यांवर माझ्या कुरडया. त्यांच्या पलीकडे शुक्लाइनचे बटाट्याचे पापड आणि मुंगौड्या. ह्या मुंगौड्या म्हणजे आपले सांडगेच, पण तिला तसं म्हटलं की राग येतो. नसीमनं तांदळाच्या कचऱ्या, म्हणजे आपल्या फेण्याच, घातल्यात आणि बाजूला दोरीवर धुतलेले चिकनचे कुर्ते. वारा आला की वाटतं बिनडोक्याची माणसं नाचतायत.

पहिल्या दिवशी चीक शिजवून सोऱ्यातून कुरडई पाडली तेव्हा सगळ्या जणी नाक धरून उभ्या होत्या. आंबवलेल्या गव्हाचा वास तो. शुक्लाइन म्हणाली, "अम्मा, ये खाया भी जाता है?" वाळल्यावर मी एक तळून दिली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरात गहू भिजत होता. नवऱ्याला सांगितलं, मराठी सेवई है.

नियम मी घालून दिलाय. जिची खाट, तिची नजर. पण जेवायला गेलीस तर नजर शेजारणीकडे देऊन जा. त्यामुळे सकाळपासून ऊन उतरेपर्यंत तिथे कुणी ना कुणी काठी घेऊन बसलेलंच असतं. परवा एक जण मोटारसायकलवर गोणी घेऊन आला. सात बायका एकदम वळून बघायला लागल्या. तो म्हणाला, "अम्मा, रास्ता भूल गए." मी म्हटलं, "गोणी नहीं भूले ना? ले जाओ." पत्तेवाले चौघेही आहेत अजून. त्यांना काढलं नाही. ते आता भिंतीच्या सावलीत बसून पत्ते खेळतात आणि माकडं हाकलतात. बदल्यात शुक्लाइन त्यांना चहा देते आणि हरलेल्याला शिव्या.

संग्राम सिंह येऊन गेला. पांढरी गाडी, पांढरे बूट. म्हणाला, "अम्मा, जानती हैं इसको क्या कहते हैं? कब्ज़ा कहते हैं. अवैध कब्ज़ा."

मी म्हटलं, "हाँ बेटा. पापड़ खाओगे?"

"मालिक से मेरी बात चल रही है, अम्मा. मई में सौदा हो जाएगा."

तर मला तुझी खबर संग्राम सिंहाकडून कळते. तुझा आवाज कसा आहे आता, हेही त्यालाच विचारलं असतं, पण त्यानं गाडीची काच वर केली.

विक, बाबा. तुझी जमीन आहे, तुझ्या नावावर आहे. पण निदान बघून विक. मी कुठे काय म्हणते.

(भाऊजी, हे माझं आहे, लतिकाचं. आईंना वाचता येत नाही म्हणून हे लिहायचं धाडस करते. त्यांचा हात "जरा दुखत" नाही. मार्चमध्ये प्लॉट साफ करताना फुटक्या टाइल्सवर पाय घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. तरी रोज खाटेवर जाऊन बसतात. खाट अशी लावून घेतात की विमानतळाकडून येणारा रस्ता समोर दिसावा. माकडं दुसऱ्या बाजूनं येतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुणी त्यांना सांगत नाही.)

लतिके, काय चाललंय? मी एवढंच म्हटलं, "मी कुठे काय म्हणते," त्याला इतका वेळ पेन चालतं होय? वाचता येत नाही मला, डोळे आहेत. काय लिहिलंस? म्हणते, पत्ता लिहीत होते. पत्ता पाकिटावर लिहितात बाई, आत नाही.

असू दे. लिहिलंस ते लिहिलंस.

आई


९ मे

चि. धनंजय,

आज तुझं पत्र आलं.

म्हणजे पत्र नाही, नोटीस. संग्राम सिंहाचा माणूस येऊन प्लॉटवरच्या बाभळीच्या खोडाला चिकटवून गेला. इंग्रजीत होती. शिवांगीनं वाचली आणि मला हिंदीत सांगितली; तुझी पुतणी मराठी समजते सगळं, बोलते मात्र हिंदी. पुण्याचे कुणी वकील आहेत, हर्षवर्धन नावाचे. ते कळवतात की त्यांचे अशील श्री. धनंजय यांच्या मालकीच्या भूखंडावर एका अनोळखी वृद्ध महिलेनं खाटा, कापड व खाद्यपदार्थ टाकून बेकायदा कब्जा केला आहे, तो पंधरा दिवसांत सोडावा.

मी शिवांगीला म्हटलं, ते पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. मी म्हटलं, पूर्ण नको, फक्त बाईचं वाच.

"अनजान वृद्ध महिला, दादी."

वृद्ध ठीक आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

शिवांगी हुशार आहे, तीच म्हणाली, "दादी, ताऊजी ने आपकी चिट्ठी खोली ही नहीं. खोली होती तो ऐसा थोड़ी लिखते." लतिका तिच्यावर डोळे वटारत होती. मी म्हटलं, वटारू नकोस, पोरीनं बरोबर ओळखलंय.

बरं झालं. म्हणजे हे पत्रही तू उघडणार नाहीस, तर मला मोकळेपणानं बोलता येईल. धना, मला तुझ्या जमिनीचं काही पडलेलं नाही. तिथे कुणी तीन मजले चढवले तर माझ्या खिडकीत ऊन येणार नाही, एवढंच, आणि ऊन मला तसंही सोसत नाही. पण ती भिंतीपलीकडची माती तुझी आहे, तोवर तू शेजारी आहेस. विकलीस की तू पुण्याला गेलास. इतकी वर्षं तू पुण्याला गेलास असं मी धरलंच नव्हतं.

लतिका रडतेय. वहीच्या कागदावर पडलं, तो डाग तिचा आहे, माझा नाही.

आई


१० मे

श्री. हर्षवर्धन, वकील यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची नोटीस मिळाली. वाचता येत नाही, म्हणून वाचून घेतली. लिहिता येत नाही, म्हणून सुनेकडून लिहून घेते. तुम्ही इंग्रजीत पाठवलीत, मी मराठीत उत्तर देते. दोघांनाही थोडा त्रास होऊ दे.

कब्जा मी केला आहे. नाकबूल करत नाही. खाटा माझ्या, कापड माझं, खाद्यपदार्थही माझे. शेजारणींना ह्यात ओढू नका, त्यांना मीच बोलावलं. ही जागा आधी कचऱ्यानं भरली होती, तेव्हा कुणाला नोटीस आली नाही. कचरा कुणी टाकायला लावला ते संग्राम सिंह ह्यांना विचारा. तेच तुमच्या अशिलाला सांगतात की जागेवर कब्जा झाला, आता कमी भावात काढा.

एक दुरुस्ती आहे. तुम्ही मला अनोळखी म्हटलंत. मी यमुना. तुमच्या अशिलाची आई. त्याला विचारा, ओळखतो का. लहानपणी त्याला गोवर आला होता तेव्हा तो माझा हात सोडत नव्हता, म्हणून मी डाव्या हातानं भाजी चिरायला शिकले. हे कोर्टात चालेल का ते तुम्ही बघा.

मी त्याला आजवर चार पत्रं पाठवली, तो उघडत नाही. पण वकिलाकडे आलेलं उत्तर अशिलाला ऐकावंच लागतं, असं माझी नात म्हणते. तेव्हा हे त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. मधेच थांबवायला लागला तर सांगा की अजून थोडंच राहिलंय.

पंधरा दिवस काय, पंधरा वर्षं दिलीत तरी कागदावर मी उठणार नाही. मालकानं स्वतः यावं, त्याच्या जागेत उभं राहावं आणि मला हाताला धरून उठवावं. डाव्या हाताला. उजव्याचं प्लास्टर नुकतं निघालंय.

तुमच्या घरी सगळे बरे असतील. कुरडया पाठवते आहे, तेल चांगलं तापलं की मगच सोडा.

यमुना
(अंगठा, डावा)


२ जून

सौ. लतिकास,

आशीर्वाद. शिवांगीला आणि तुझ्या माहेरच्या मंडळींना विचारलंय म्हणून सांग. कऱ्हाडला आंबे खा भरपूर, इथले दशहरी यायला अजून अवकाश आहे.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. लेखनिक बदललाय. तुझ्यापेक्षा वाईट लिहितो, ओळ वर जाते असं मला नुसतं बघूनही कळतंय. पण बी.ए. नाही, इंजिनिअर आहे, सांभाळून घे. म्हणतो, आई, हे नको लिहायला. लिही म्हटलं.

विष्णूनं तुला फोनवर "दादा आलाय" एवढं सांगितलं असेल; त्याच्याकडून त्याहून जास्त निघत नाही. म्हणून सगळं नीट सांगते.

त्या वकिलानं माझं उत्तर खरंच वाचून दाखवलं. उभा राहून, म्हणे. ह्यानं मधे थांबवलं, तर म्हणाला, अजून थोडंच राहिलंय. मग हा घरी गेला, माझी सगळी पाकिटं कपाटातून काढली आणि विमानात बसून एकामागून एक फोडली. तूही त्यात पत्ता लिहिला होतास ना, आतल्या बाजूला, तोही वाचला. तुझ्याशी मी नंतर बोलेन.

मी खाटेवर बसले होते. टॅक्सी थांबली. घराकडे न जाता सरळ प्लॉटवर आला, बॅग खांद्यालाच. पोट सुटलंय. डोक्यावरचं पांढरं झालंय. समोर उभा राहिला.

"आई, उठ."

मी म्हटलं, "तुम्ही कोण? वकील का?"

"आई."

"मालक असाल तर हाताला धरून उठवा. डाव्या."

त्यानं हात धरला. उठवलं मात्र नाही. शेजारी खाटेवर बसला, आणि खाट इतकी खाली गेली की शुक्लाइनचे निम्मे पापड घसरले. ती ओरडली, "अरे भैया, पापड़!" आणि मग कोण आहे ते कळल्यावर पदर डोळ्याला लावून पुन्हा ओरडली, "अरे, पापड़!"

घरात आला नाही. पायरी चढणार नाही म्हणाला होता, ती चढला नाही. रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात, दिवसभर प्लॉटवर. ताट मी भिंतीवरून द्यायची. अर्जावर सही करून दिली. संग्राम सिंह विसार घेऊन आला, "भाईसाहब, पार्टी तैयार है, आज बयाना ले लीजिए." हा म्हणाला, "अभी नहीं हो पाएगा. अम्मा का कब्ज़ा है." संग्राम सिंह बराच वेळ हसला, मग ह्याचं तोंड बघून हसायचा थांबला. कायमचं "अभी नहीं" आहे का, मी विचारलं नाही. मालकाला फार विचारू नये.

विष्णू रोज संध्याकाळी मेट्रोतून उतरून यायचा आणि भिंतीच्या आपल्या बाजूला उभा राहायचा.

"पाणी हवंय, दादा?"

"आहे."

"पंखा लावू का? वायर पोचेल."

"नको."

"बरं."

एवढंच. रोज हेच. मी मधे बसून कुरडया मोजत असल्यासारखं करायची. विसाच्या पुढे मोजता मला येत नाही, हे दोघांना ठाऊक आहे.

आणि काल आंधी आली. दिवसभर पान हललं नव्हतं. ऊन उतरायच्या वेळेला पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं, मग तांबूस, आणि नसीम मागच्या गल्लीतून ओरडत आली, "अम्मा, आँधी! सामान उठाओ!" सगळ्या जणींचं वाळवण पसरलेलं. शुक्लाइन नेमकी भावाकडे गेलेली, तिची नजर माझ्याकडे. कुर्ते दोरीसकट उडायला लागले. मी एका हातानं काय काय धरणार?

विष्णू तेवढ्यात फाटकात शिरत होता. त्यानं बँकेची बॅग फेकली आणि भिंतीवरून उडी मारली. तुझ्या नवऱ्यानं, लतिका. त्या पोटासकट. प्लॉटमध्ये चार पायांवर पडला, उठला आणि शुक्लाइनच्या मुंगौड्यांवर पालथा झाला. धनानं माझ्या कुरडयांच्या लुगड्याची चारी टोकं उचलली, गाठोडं छातीशी धरलं आणि जवळ जे दार दिसलं त्यात शिरला. ते आपलं. मागून विष्णू दुसरं गाठोडं घेऊन. मग मी, नसीम, तिचे कुर्ते आणि पत्तेवाल्यांपैकी दोघे. दार लावून घेतलं. लाइट गेली. बाहेर पत्रे वाजत होते, आत सगळ्यांच्या केसांत धूळ. ओले गहू वाळताना जो वास येतो तो घरभर झाला होता.

धना अंधारात गाठोडं घेऊन उभा. कुठे उभा आहे ते तेव्हा कळलं त्याला. विष्णूला कुठून आलो ते आधीच कळलं असावं, कारण तो पायांकडे बघत होता.

मग धना म्हणाला, "हे कुठे ठेवू?"

विष्णू म्हणाला, "तुझ्या खोलीत."

ती खोली, लतिका. आपण जिला स्टोअर म्हणतो. तू म्हणतेस, मी म्हणते, शिवांगीला तर दुसरं नावच माहीत नाही. विष्णू काय म्हणायचा, आठवून बघ. मी काल रात्रभर आठवत होते. कालपर्यंत त्यानं एकदाही त्या खोलीला कुठलंच नाव दिलं नव्हतं.

इथे पेन थांबलं. काय झालं रे, म्हटलं. तर म्हणतो, शाई संपली.

मी म्हटलं, बरं. येईल. आपण थांबू.